हातोडी घेऊन शिकवणारे दाराशा वाडिया

नवापूर ते नंदुरबार या टापूत काळ्या खडकाच्या लांबच लांब टेकड्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या दिसतात. कोणा राजाने बांधलेल्या तटबंदीचे अवशेष वाटावेत इतक्या त्या सरळ आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर साचत होते. त्या काळात जमिनीला पडलेल्या भेगांत वितळलेला खडक घुसला आणि तेथेच गोठला. पुढे लक्षावधी पावसाळ्यांनी आजूबाजूचा खडक झिजवला. भेगेतला टणक खडक मात्र भिंतीसारखा उभा राहिला.

एवढी माहिती पुस्तकातून पाठ करता येते आणि परीक्षेत तिला गुणही मिळतात. पण या भिंतीच्या कडेचा एक आणि मधला एक असे दोन तुकडे ज्याने हातात घेऊन पाहिले, त्याला कडेचा तुकडा बारीक कणांचा व मधला भरड का, असा प्रश्न पडतो. कडेचा लाव्हा थंड खडकाला टेकून लवकर गोठला, त्याच्या स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही, हे उत्तर मग सांगावे लागत नाही, सुचते. भूविज्ञान हे असे हाताने शिकायचे शास्त्र आहे. भारतात ते या रीतीने शिकलेला, शिकवलेला आणि त्या शिकवण्यातूनच जागतिक कीर्तीला पोचलेला माणूस याच तापीच्या मुखाशी, सुरत शहरात जन्मला. दाराशा नोशेरवान वाडिया हे त्यांचे नाव.

ऑक्टोबर १८८३ मध्ये जन्मलेले दाराशा हे नऊ भावंडांतील चौथे. घराण्याचे नाते ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजे बांधणाऱ्या प्रख्यात वाडियांशी. परंतु वडील रेल्वेच्या एका लहानशा स्थानकावर स्टेशनमास्तर होते. तेथे शाळेची सोय नव्हती. त्यामुळे दाराशांना सुरतेत आजीपाशी, म्हणजे आईच्या आईकडे ठेवण्यात आले. आजी शिस्तीची कडक. अकराव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब बडोद्यास आले आणि मुलाच्या आयुष्याला वळण लागले.

त्या वेळचे बडोदे म्हणजे सयाजीराव गायकवाडांचे बडोदे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या या राजाने आपल्या राजधानीत कॉलेज, ग्रंथालये आणि संग्रहालय यांवर सढळ हाताने खर्च केला होता. बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. तेथे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक अदरजी मसानी यांचा प्रभाव दाराशांवर पडला. १९०३ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. पदवी मिळवली आणि १९०५ मध्ये वनस्पतिशास्त्र व भूविज्ञान घेऊन पुन्हा तीच परीक्षा दिली. भूविज्ञान त्या काळी भारतातील फारच थोड्या कॉलेजांत शिकवले जाई. तेव्हा हा विषय त्यांना बराचसा स्वतःच शिकावा लागला, आणि त्यासाठी बडोद्याच्या संग्रहालयातील खडक व खनिजांचे नमुने त्यांच्या कामी आले. राजाने हौसेने जमवलेल्या काचेच्या कपाटांतून पुढे एक भूवैज्ञानिक घडेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

१९०७ मध्ये जम्मूला प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज सुरू झाले आणि वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी वाडिया तेथे प्राध्यापक झाले. एखाद्या महत्त्वाकांक्षी तरुणाला ही नेमणूक अडगळीत टाकल्यासारखी वाटली असती. मुंबई, कलकत्ता यांसारखी विद्येची केंद्रे शेकडो मैल दूर, सुसज्ज प्रयोगशाळेचा वारसा नाही, भारतीय विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असे हाताळण्याजोगे पाठ्यपुस्तक नाही. परंतु तावी नदीकाठचे हे गाव शिवालिक टेकड्यांच्या अगदी पायथ्याशी आहे. हिमालयातून वाहून आलेल्या वाळूचे, मातीचे आणि गोट्यांचे थर येथे दाबले जाऊन खडक झाले, पुढे ते उचलले गेले, वाकले, तिरके झाले. पुस्तकात आकृती काढून दाखवावे लागते ते सारे येथे कॉलेजच्या आसपासच्या डोंगरांत उघडे पडलेले होते.

वाडियांनी आपली प्रयोगशाळा या डोंगरांतच शोधली. सुट्टी लागली की ते हातोडी आणि पिशवी घेऊन निघत, दिवसेंदिवस टेकड्या व दऱ्या पालथ्या घालत, आणि परतताना खडक, खनिजे, जीवाश्म यांचे नमुने घेऊन येत. हे नमुने वर्गात शिकवण्यासाठी वापरले जात. अशी चौदा वर्षे गेली. याच भटकंतीत जम्मूजवळच्या वरच्या शिवालिक थरांत त्यांना स्टेगोडॉन गणेश या नामशेष झालेल्या हत्तीचा सुमारे ३ मीटर लांबीचा सुळा आणि कवटीचा अवशेष सापडला. वर्गासाठी नमुने गोळा करणाऱ्या शिक्षकाच्या हाती लागलेली ही वस्तू संशोधकांनाही महत्त्वाची ठरली. शिकवणे आणि संशोधन ही दोन वेगळी कामे आहेत, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुस्तकाची अडचण मात्र हातोडीने सुटणारी नव्हती. भारताच्या भूविज्ञानावर मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये एक मोठा ग्रंथ सिद्ध केला होता. १८९३ मध्ये ओल्डहॅम यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. यांतील विल्यम ब्लॅनफर्ड यांचा खानदेशाशी थेट संबंध आहे. तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण त्यांनी १८६० च्या दशकात केले आणि त्याचा विस्तृत अहवाल १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठ त्या सर्वेक्षणाच्या टापूत येतो. पण हा ग्रंथ सर्वेक्षकाच्या कामाचा. नवशिक्या विद्यार्थ्याला तो झेपणारा नव्हता आणि सहज मिळणाराही नव्हता. इंग्लंडमधून येणाऱ्या क्रमिक पुस्तकांत उदाहरणे वेल्स आणि स्कॉटलंडची असत. आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाविषयी त्यांत भारतीय विद्यार्थ्याला फारसे काही सापडत नसे.

वाडियांनी ही उणीव स्वतःच भरून काढली. १९१९ मध्ये मॅकमिलन कंपनीने त्यांचे भारताच्या भूविज्ञानावरील इंग्रजी पुस्तक प्रकाशित केले. ते विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेले होते. दख्खनचा बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांतील खनिजे, कापसाची काळी जमीन, नद्यांचा गाळ, हिमालयाच्या घड्या, हे सारे त्यात भारतातल्याच उदाहरणांनी सांगितलेले आहे. पुढील अर्धशतक हे पुस्तक देशभरच्या विद्यापीठांत वाचले गेले आणि वाडिया अखेरपर्यंत त्याच्या नव्या आवृत्त्या सुधारत राहिले. त्यांची शोधनिबंधांतील कामगिरी कितीही मोठी असली, तरी भारतीय भूविज्ञानावर या एका पुस्तकाचा परिणाम अधिक खोल झाला असे म्हणण्यास जागा आहे.

वाडियांची रीत नंदुरबारच्या भूमीला लावून पाहायची तर सामग्री फारशी लागत नाही. येथील बेसॉल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आढळतात. त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसले तर ते कॅल्साइट. नाही फसफसले तर गारगोटी किंवा झिओलाइट असण्याचा संभव. काचेवर ओरखडा काढून पाहिला की गारगोटी ओळखू येते, कारण ती काचेपेक्षा कठीण आहे. कॅल्साइटवर उलट चाकूचाच ओरखडा उठतो. शेतातल्या काळ्या मातीचा ओला गोळा उन्हात ठेवला की तो आकसतो आणि त्याला भेगा पडतात. पाणी शोषून फुगणारी चिकणमाती म्हणजे काय, हे त्यातून कळते. तापीच्या गाळाची मूठभर माती पाण्याच्या बरणीत घालून हलवावी आणि ती बरणी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवून द्यावी. वाळू लगेच तळाला बसते, तिच्यावर बारीक गाळ बसतो, आणि चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असते. पुराच्या पाण्याने काठावर काय टाकले आणि समुद्रापर्यंत काय नेले, हे त्या बरणीत दिसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरील समोच्च रेषा वाचायला शिकताना तापीचे सपाट खोरे आणि उत्तरेला तोरणमाळकडे चढत जाणारा सातपुडा यांच्याइतकी बोलकी जोडी क्वचितच मिळेल. एवढे दाराबाहेर असताना शहरातून आणलेल्या नमुन्यांच्या पेटीवरच भूगोलाचे प्रात्यक्षिक उरकावे, यासारखा दैवदुर्विलास नाही.

१९२१ मध्ये वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात दाखल झाले. तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. या वयात माणसे नोकरीत स्थिरावलेली असतात. युरोपातील पदवी नसताना या खात्याच्या अधिकारीवर्गात नेमले गेलेले ते पहिले भारतीय. परदेशी शिक्का नसलेल्या शिक्षकाला हे दार उघडले, त्यामागे जम्मूची चौदा वर्षे होती, हे उघड आहे.

या खात्यात त्यांच्याकडे वायव्य हिमालयाचे काम आले आणि १९३१ मध्ये त्यांनी आपला सर्वांत गाजलेला सिद्धान्त मांडला. हिमालयाच्या रांगा वायव्येकडे जाता जाता नंगा पर्वताच्या आसपास गुडघा मुडपावा तशा एकदम दक्षिणेकडे वळतात. वाडियांनी खडकांचे थर प्रत्यक्ष पावलापावलाने मोजून दाखवले की, येथे वेगवेगळ्या पर्वतरांगा एकमेकींना भिडलेल्या नसून एकच रांग वळलेली आहे. भारतीय द्वीपकल्पाच्या टणक भूमीचे जिभेसारखे टोक तेथे पुढे घुसलेले असल्याने पर्वताच्या घड्या त्याभोवती वळल्या. भूखंडे सरकतात ही कल्पना तेव्हा सर्वमान्य नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

१९३५ मध्ये कृष्णन आणि मुखर्जी यांच्यासह त्यांनी भारताच्या मृदांचा नकाशा तयार केला. १९३८ मध्ये निवृत्त झाल्यावर ते सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ म्हणून गेले. तेथून परतल्यावर ते भारत सरकारचे भूवैज्ञानिक सल्लागार झाले. १९४९ मध्ये अणुऊर्जा आयोगासाठी दुर्मिळ खनिजांचा शोध घेणारी शाखा उभी राहिली, तिची धुरा त्यांच्याकडे आली आणि दोनच वर्षांत सिंगभूम भागात जादुगुडा येथे युरेनियमचा साठा सापडला. देशाला हव्या असलेल्या खनिजाचा माग काढण्यासाठीही अखेर माणसांना हातोडी घेऊन डोंगरांतच पाठवावे लागले.

मानसन्मान उशिरा आले, पण आले ते भरभरून. १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक ठरले. १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९६३ मध्ये ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेसचे अधिवेशन आशियात प्रथमच, नवी दिल्ली येथे भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ऐंशी ओलांडलेले वाडियाच होते. जगभरच्या पाहुण्यांत त्यांचे पुस्तक वाचून भारताची ओळख झालेले अनेक जण असावेत.

हिमालयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था हवी, हा त्यांचा अखेरच्या वर्षांतील ध्यास होता. ती १९६८ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील मोजक्या खोल्यांत सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १५ जून १९६९ रोजी, वाडियांचे निधन झाले. संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९७६ मध्ये ती डेहराडूनला, म्हणजे पुन्हा शिवालिकच्या पायथ्याशी, हलवण्यात आली.