डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचलेली नजर

भोसरी, पिंपरी किंवा चाकणच्या कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या कामगाराला तक्त्यावरची अक्षरे वाचता आली, की डोळे ठणठणीत असा समज होतो. पण वाढत्या वयात होणारे पडद्याचे काही आजार तक्रार सुरू होण्याआधीच आत दिसू लागतात. ते पाहण्याची वाट हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी मोकळी केली.

जन्म ३१ ऑगस्ट १८२१चा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक. ओढा भौतिकशास्त्राकडे, पण घरी पैसा नव्हता. म्हणून लष्करात डॉक्टरकी करण्याच्या अटीवर ते वैद्यक शिकले. १८४७मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर त्यांनी निबंध लिहिला आणि १८४९मध्ये क्योनिग्सबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना दिसतच नसे. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्याची नजर का गेली, याचा केवळ अंदाज बांधायचा. १८५०मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी करताना हेल्महोल्ट्झ यांना कोडे उलगडले. डोळ्यात गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने परततो. तो पाहायला जावे, तर पाहणाऱ्याचे डोके दिव्याच्या आड येते. म्हणून बाहुली काळी दिसते. त्यांनी तिरपी काच धरली. बाजूच्या दिव्याचा उजेड तिच्यावरून डोळ्यात गेला आणि परतणारा काही उजेड काचेतून आरपार त्यांच्यापर्यंत आला. साहित्य होते पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा! चार्ल्स बॅबेज यांनीही १८४७च्या सुमारास असे उपकरण केले होते, पण त्याचे मोल कोणी ओळखले नाही.

बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी मात्र हेल्महोल्ट्झ यांचे उपकरण तत्काळ वापरात आणले. काचबिंदूत दृष्टीच्या नसेवर होणारा परिणाम त्यातून दिसू लागला. हेल्महोल्ट्झ स्वतः पुढे भौतिकशास्त्राकडे वळले. १८७१मध्ये बर्लिनला त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. ८ सप्टेंबर १८९४ रोजी ते गेले. त्यांच्या हयातीतच, १८८६मध्ये, जिवंत डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र निघाले होते.

आजचा फंडस कॅमेरा याच वाटेने जातो. पडद्यावरचे बारीक पिवळे ठिपके, रक्तस्राव, नसेवरची वाढलेली खोबण फोटोत दिसते. पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या झिरपत असतील, तर वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनी बऱ्याच जणांची नजर टिकते. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही. तपासणीसाठी अनेकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग काही तास अंधुक दिसते, त्यामुळे दुचाकी घरीच ठेवून सोबत कुणाला तरी न्यावे.