मोटारी धुणारा चित्रकार

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा मला आमच्या ओसरीची भिंत आठवली. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा मुलगा तिच्यावर कोळशाने घोडे काढी आणि मी त्याला रागे भरत असे. पुढे चित्रकार कृष्णाजी आरा यांची हकीकत वाचनात आली, आणि माझी मलाच लाज वाटली.

आरांचा जन्म 1914 साली हैदराबादजवळच्या बोलारमचा. आपला धाराशिव जिल्हाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. आई लहानपणीच गेली, घरात सावत्र आई आली. सातव्या वर्षाच्या सुमारास हे पोर घरातून पळाले, ते मुंबईस पोहोचले. तेथे त्याने परक्या घरी चाकरी केली, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही सोसला. पण चित्रांचे वेड काही सुटले नाही.

त्या चित्रांचे मोल ओळखले ते रूडी फॉन लायडन या जर्मन कलासमीक्षकाने. हे 1933 साली मुंबईस आले होते. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हेही हिटलरशाहीमुळेच देशोधडीला लागलेले. हुबेहूबपणापेक्षा मनातील खळबळ रंगांतून मांडणाऱ्या चित्रांची नाझींनी 1937 साली म्युनिकमध्ये प्रदर्शन भरवून टवाळी केली होती. त्याच नव्या कलेची पारख ही मंडळी बरोबर घेऊन आली. त्यांनी आपल्या तरुण चित्रकारांना धीर दिला, त्यांची चित्रे पदरचे पैसे देऊन घेतली.

1942 साली आरांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरले. 1947 साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला. साधी मडकी आणि फुलदाणीतली फुले त्यांच्या हातून जिवंत झाली. सूझा, रझा परदेशी गेले. आरा मात्र मुंबईतच राहिले. आर्टिस्ट्स सेंटरचा कारभार पाहताना नवोदितांच्या पाठीवर त्यांनी तोच मायेचा हात ठेवला. 1985 साली ते निवर्तले.

लायडनसाहेबांएवढी पारख माझ्यापाशी कोठून असणार? पण त्या मुलाला मी रंगांची पेटी आणून दिली. ओसरीच्या भिंतीला यंदा चुना लावलेला नाही. घोडे अजून तेथेच आहेत.