पक्षितज्ज्ञ सलीम अली

पुण्याहून मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने पश्चिमेकडे निघाले, की ताम्हिणीचा घाट लागतो. येथे सह्याद्री एकदम कोकणात उतरतो. दाट रान, खोल दऱ्या आणि पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे असंख्य जलप्रवाह यांनी हा प्रदेश नटलेला आहे. या रानावरून पोपटांचा थवा तीक्ष्ण साद घालीत बाणासारखा निघून जातो. पिंजऱ्यातील पोपट आपल्या सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु रानातील पोपट काय खातो, घरटे कोठे करतो, हे पाहून सांगणारी माणसे शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात विरळाच होती. पक्षी रानात जाऊन, त्याला न दुखवता पाहावा, ही गोडी भारतीयांना ज्यांनी लावली, ते डॉ. सलीम अली होत.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे मामा-मामींनी त्यांचे संगोपन केले. मामा शिकारीचे शौकीन होते. भाच्याच्या हाती छऱ्यांची छोटी बंदूक आली आणि एके दिवशी तिने एक चिमणी टिपली. पाहतात तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! हा कोणता पक्षी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. तेथील सचिव मिलार्ड साहेबांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, आणि खणामागून खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या भिडस्त मुलापुढे ठेवले. तो मुलगा त्या दिवशी पक्ष्यांचा झाला, तो कायमचाच.

वाट मात्र सरळ नव्हती. शाळेतील अभ्यासात त्यांचे मन रमेना. काही वर्षे त्यांनी ब्रह्मदेशात कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय पाहिला. पण तेथेही त्यांचे लक्ष हिशेबाच्या वहीपेक्षा झाडांच्या शेंड्यांकडेच अधिक असे. १९१७ साली परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षितज्ज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात १९२६ साली नोकरी लाभली, तेव्हा रजा घेऊन ते जर्मनीस गेले व बर्लिन येथे श्रेष्ठ पक्षितज्ज्ञ श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली ते स्वदेशी आले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

एखादा खचून गेला असता. सलीम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. उंचावर आडोसा करून ते तासन् तास बसत व प्रत्येक हालचाल टिपून ठेवीत. नर अर्धेच घरटे विणतो, मादी येऊन त्याची पारख करते, पसंत पडले तरच राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो! बेकारीच्या दिवसांत झालेल्या या निरीक्षणाने त्यांचे नाव परदेशी विद्वानांतही पोहोचले.

त्यानंतर त्यांनी एक धाडसाची गोष्ट केली. फिरण्याचा खर्च मिळाल्यास आपण पक्ष्यांची पाहणी विनावेतन करू, असे त्यांनी सुचविले. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील राने त्यांनी पायांखाली घातली. तेहमिनाबाई तंबूतला संसार हौसेने सांभाळीत. १९३९ साली त्यांचा मृत्यू झाला. तो घाव खोल होता. पुढील सारे आयुष्य सलीम अलींनी कामातच घालविले.

दक्षिणेकडील या भ्रमंतीत त्यांना सह्याद्रीचा खास रहिवासी असलेला निळ्या पंखांचा पोपट पाहावयास मिळाला. तो पश्चिम घाटाखेरीज जगात अन्यत्र कोठेही नाही. पांगारा, सावरी यांच्या फुलांवर कोणते पक्षी येतात, मधासाठी आलेल्या पक्ष्यांमुळे परागीकरण कसे होते, यावरही त्यांनी १९३२ साली लेख लिहिला. पोपटांविषयी लिहिताना त्यांनी भाबडेपणा केला नाही. पोपट कणसे व फळे खातो त्याहून अधिक नासतो, ही शेतकऱ्याची तक्रार त्यांनी खरी मानली. परंतु पोपटाला घर बांधता येत नाही, हेही तितकेच खरे. जुन्या झाडाची ढोली किंवा सुतार पक्ष्याने सोडलेले बीळ, हाच त्याचा आसरा. ताम्हिणीसारख्या रानातील म्हातारे, पोकळ झाड तोडणाऱ्याला निरुपयोगी वाटते. पोपटाच्या पिलांना मात्र दुसरी जागा नसते. त्याच ढोलीत हात घालून पारधी पिले पळवीत व बाजारात विकीत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९९०-९१ च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. ताम्हिणीच्या रानालाही २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला.

पक्ष्याला वाचवावयाचे तर त्याचे रान वाचविले पाहिजे, हे सलीम अली अखेरपर्यंत सांगत राहिले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे रान धरणाखाली बुडणार असे दिसताच उतारवयातही त्यांनी विरोध केला. १९८३ साली ते धरण रद्द झाले. भरतपूरच्या पाणथळीसाठीही ते झटले. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले होते. डिलन रिप्ले या अमेरिकन मित्रासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. स्वभाव मात्र तरुणाचाच. १९५० साली स्वीडनमधील पक्षितज्ज्ञांच्या परिषदेस ते स्वतःची मोटारसायकल घेऊन गेले होते!

१९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब व पॉल गेटी पारितोषिक असे दोन मोठे सन्मान लाभले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.