विश्लेषण : वायरलेसवरील बोलणे सुरक्षित कसे राहते? अ‍ॅलन ट्युरिंग यांचे ‘डेलिलाह’ यंत्र काय होते?

ब्रिटनमध्ये एकेकाळी पोलिसांचे वायरलेसवरील बोलणे साध्या स्कॅनरवर कोणालाही ऐकता येत असे. आज तेथील पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका ‘टेट्रा’ या डिजिटल रेडिओ यंत्रणेवर बोलतात. मध्येच कोणी संदेश पकडला, तरी किल्लीशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. लहान यंत्रातून असे सुरक्षित बोलता यावे, यासाठी गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग दुसऱ्या महायुद्धातच कामाला लागले होते.

कोण होते ट्युरिंग?

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. १९३६ मध्ये ट्युरिंग यांनी लिहिलेला शोधनिबंध संगणकशास्त्राचा पाया मानला जातो. युद्धकाळात ब्लेचली पार्क येथे त्यांनी जर्मन नौदलाचे ‘एनिग्मा’ संदेश उलगडण्यात मोलाची कामगिरी बजावली.

‘डेलिलाह’ कसे काम करायचे?

१९४३ च्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी ‘सिगसॅली’ ही गुप्त संभाषण यंत्रणा पाहिली. तिचे वजन ५० टनांहून अधिक होते. ती रणांगणावर नेणे अशक्यच! मायदेशी परतल्यावर हॅन्सलोप पार्क येथे डोनाल्ड बेली या तरुण अभियंत्यासोबत त्यांनी टेबलावर मावेल असे यंत्र बनवले. तेच ‘डेलिलाह’.

हे यंत्र आवाजाचे सेकंदाला सुमारे ४,००० नमुने घेई आणि प्रत्येक नमुन्यात किल्लीचा एक आकडा मिसळत असे. पलीकडचे यंत्र त्याच किल्लीने तो आकडा वजा करी आणि मूळ आवाज परत मिळे. चर्चिल यांच्या ध्वनिमुद्रित भाषणावर त्याची चाचणीही झाली. पण यंत्र तयार होईपर्यंत युद्ध संपले आणि ते वापरात आलेच नाही.

‘टेट्रा’ हा ‘डेलिलाह’चा थेट वारस नाही. त्यात आवाजाचे आधी शून्य आणि एकमध्ये रूपांतर होते. मात्र किल्ली मिसळण्याचे तत्त्व तेच आहे.

पुढे काय झाले?

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल ट्युरिंग दोषी ठरले. तेव्हा ब्रिटनमध्ये तो गुन्हा होता. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना हार्मोनचे उपचार स्वीकारावे लागले. गोपनीय सरकारी कामाची परवानगीही गेली. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरवण्यात आली. त्यांची युद्धातील कामगिरी १९७० च्या दशकापर्यंत गुप्तच होती. त्यामुळे देशाने नेमके कोणाला शिक्षा केली, हे तेव्हा सामान्य ब्रिटिश नागरिकांना ठाऊकच नव्हते.

ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये माफी मागितली. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर शाही क्षमादान मिळाले, तर २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे छायाचित्र आले.