राजा रविवर्मा : मेनकेच्या चित्राने सुरू झालेला छापखाना

राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्यातून १८९४ मध्ये बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात उंचावून, तोंड फिरवून तिला नाकारत आहेत. तपस्वी आणि अप्सरा यांच्या निषिद्ध प्रेमाची परिणती या चित्रात दिसते.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांचे तंत्र त्यांनी बरेचसे निरीक्षणातूनच आत्मसात केले. १८७३ मध्ये व्हिएन्ना येथील प्रदर्शनात त्यांच्या चित्राचा गौरव झाला. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. त्यांच्या अनेक नायिका महाराष्ट्रातील नऊवारी नेसलेल्या आढळतात.

युरोपातील स्वच्छंदतावादी चित्रकारांनाही अशा कथांचे आकर्षण होते. टर्नर यांनी १८३७ मध्ये ग्रीक पुराणातील हीरो या पुजारिणीचा आणि तिच्यासाठी सामुद्रधुनी पोहून येणाऱ्या लिअँडरचा निरोप रंगविला. मात्र टर्नर यांच्या चित्रात निसर्गच प्रेमिकांना गिळू पाहतो. रविवर्मा यांच्या चित्रात माणसेच परस्परांपासून दूर जातात. त्यांची उर्वशी आकाशमार्गे निघालेली आहे आणि मर्त्य पुरूरवा खालून हात पसरून तिला विनवीत आहे. काहींना हे नाटकी वाटते. पण विरहाचा नेमका क्षण निवडण्यातले त्यांचे कसब नाकारता येत नाही.

मूळ चित्रे राजवाड्यांत बंदिस्त राहत. ती सामान्यांच्या भिंतीवर पोहोचावीत, यासाठी धाकटे बंधू राजवर्मा यांच्या साथीने त्यांनी शिळाछापाचा हा उद्योग आरंभला. जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आले. मुंबईतील प्लेगच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळील माळवली येथे हलविण्यात आला. चित्रे घरोघरी गेली, परंतु कर्ज वाढत गेले. अखेर त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला.

१९०५ मध्ये राजवर्मा यांचे निधन झाले. त्या आघातानंतर रविवर्मा यांची प्रकृती ढासळली आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. माळवलीचा छापखाना त्यानंतरही त्यांच्या नावाने चित्रे छापीत राहिला.