सेमूर क्रे : वेगाचा ध्यास आणि विजेचा हिशेब

सेमूर क्रे यांच्या नावावाचून महासंगणकाचा इतिहास सांगता येत नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या लहानशा गावी १९२५ साली त्यांचा जन्म झाला. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनमध्ये त्यांनी सिद्ध केलेला ‘६६००’ हा संगणक १९६४ साली जगात सर्वांत वेगवान ठरला. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ साली त्यांचा क्रे-१ लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

क्रे-१ चा अर्धवर्तुळाकार घाट अनेकांना शोभेचा वाटला. वस्तुतः तारांची लांबी वाचविण्याची ती युक्ती होती. तारेतून संदेश जाण्यास लागणारा क्षणभराचा विलंबही क्रे यांना खपत नसे. म्हणून कोणतीही तार चार फुटांहून लांब नसावी, असा त्यांचा दंडक होता. परंतु मंडले अशी दाटीने बसविली की उष्णता कोंडते. सुमारे ११५ किलोवॅट वीज खाणाऱ्या त्या यंत्रात फ्रिऑन खेळवून ते थंड ठेवावे लागे. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर मंडले द्रवात बुडवूनच ठेवावी लागली. वेगाचा प्रश्न पाहता पाहता विजेचा प्रश्न होऊन बसला.

काम असंख्य लहान प्रोसेसरांत वाटून द्यावे, हा दुसरा मार्ग. क्रे यांचा त्यावर दीर्घकाळ विश्वास नव्हता. मोजक्या, पण बलाढ्य प्रोसेसरांवर त्यांची भिस्त होती. हा संशय निराधार म्हणता येणार नाही. कामाचा दहावा हिस्सा जरी वाटता येत नसला, तर शंभर प्रोसेसर लावूनही वेग दहापट होत नाही. बाकीचे ताटकळत बसतात आणि बसल्या बसल्या वीज खातात. अर्थशास्त्रातील घटत्या फलाचा नियम तो हाच! मात्र एकाच प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो, आणि विजेचा खप दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून तेच काम दोन संथ प्रोसेसरांनी पुष्कळ कमी विजेत होऊ शकते. अट एवढीच की आज्ञावली लिहिणाऱ्याने वाटणी नीट केली पाहिजे. हे पारडे क्रे यांनी पुरेसे जोखले नाही.

अधिक शक्तिशाली क्रे यंत्र अमेरिकेने नाकारल्यावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभारला, तो या समांतर मार्गानेच. क्रे मात्र गॅलियम आर्सेनाइडच्या महागड्या चिपांवर क्रे-३ रचीत राहिले. १९९५ साली त्यांच्या नव्या कंपनीचे दिवाळे निघाले. १९९६ मध्ये सत्तरी उलटलेल्या या माणसाने पुन्हा एक कंपनी काढली आणि अखेर अनेक प्रोसेसरांच्या यंत्राचा आराखडा हाती घेतला. तो पुरा होण्याआधीच मोटार अपघातात जबर जखमी होऊन ५ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले.

क्रे यांचे नाव मिरविणारा ‘फ्रंटियर’ २०२२ साली ओक रिज येथे जगात पहिला आला, तो लक्षावधी गणनकेंद्रे एकत्र राबवून. क्रे-१ मध्ये दर वॅटमागे सेकंदाला जेमतेम चौदाशे गणिती क्रिया होत. फ्रंटियरमध्ये त्या पाच हजार कोटींहून अधिक भरल्या. चिपांच्या सुधारणेचा यात मोठा वाटा आहे, हे खरे. तरीही त्या मोजणीच्या वेळी यंत्राचा एकूण खप दोन कोटी वॅटच्या पुढे गेला होता.