लोकशाहीर अण्णा भाऊ साठे : फडातून जगाकडे

तमाशाची ढोलकी-हलगी शतकानुशतके वाजविली ती मुख्यत्वे गावकुसाबाहेरच्या हातांनी. गावाने कलेचा आनंद घेतला. कलावंताला मात्र वेशीबाहेरच ठेवले. हीच हेटाळलेली कला घेऊन अण्णा भाऊंनी दूरदेशीचा संग्राम मुंबईच्या कामगार वस्तीत आणला आणि त्या वस्तीचे जगणे परदेशापर्यंत पोहोचविले.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. शाळेशी त्यांचा संबंध अवघ्या दीड दिवसाचा, असे सांगितले जाते. जातिभेदाने शाळेचे दार बंद केले. पण पोवाडा, लावणी आणि वग यांचे शिक्षण त्यांना घरच्या परंपरेतूनच मिळाले. 1931 च्या सुमारास हे कुटुंब पायी मुंबईस आले. पडेल ते काम करीत अण्णा भाऊ गिरणी कामगार झाले आणि अक्षरओळख त्यांनी स्वतःच्या जिद्दीने करून घेतली.

दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईने जगाचे लक्ष वेधले होते. 1943 मध्ये अण्णा भाऊंनी त्या लढाईवर पोवाडा रचला. राजे-सरदारांचे पराक्रम गाणाऱ्या या जुन्या प्रकारात रशियातील सामान्य जनतेचे शौर्य आले आणि निरक्षर कामगारालाही ती लढाई आपली वाटली. 1944 मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशातील गणात देवतेऐवजी मायभूमीला वंदन आले, गवळण गळाली आणि वगात सावकार, काळाबाजार व निवडणुका अवतरल्या. सरकारी बंदीलाही त्यांना तोंड द्यावे लागले. लोकनाट्य या नावाने हाच प्रकार पुढे रुजला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगावी घुमला.

त्यांची वैचारिक जडणघडण साम्यवादी चळवळीत झाली. बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लपवू नये. तथापि जातीचे चटके सोसलेल्या या शाहिराने बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांना गीतातून अभिवादन केले आणि 1959 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांच्या लेखणीस अर्पण केली. 1958 मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, पृथ्वी कोणी तोलून धरली आहे याविषयीची पुराणकथा नाकारून तो मान त्यांनी दलित-श्रमिकांना दिला.

त्यांच्या साहित्याचे रशियन भाषेत अनुवाद झाले. 1961 मध्ये ते सोव्हिएत रशियाला गेले आणि परतल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. ज्या भूमीचा पोवाडा न पाहता रचला, ती भूमी त्यांनी अठरा वर्षांनी पाहिली. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या साहित्यिकाच्या वाट्याला मात्र अखेरपर्यंत दारिद्र्यच आले. 18 जुलै 1969 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. 2022 मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला.

कला माणसांच्या ओठांवरून दूरदेशी जाते. तिच्या निर्मात्याचे नाव मात्र वाटेत सहज गळून पडते. हलगी कोणाच्या हातात होती, हे लिहून ठेवायला अक्षर लागते. अण्णा भाऊंना ते झगडून मिळवावे लागले. आपल्या वसतिगृहातील लेकरांना ते वेळीच मिळते आहे. सुट्टीत घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या तोंडची गाणी त्यांनी गाणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवावीत, हेच या लोकशाहिराला खरे अभिवादन ठरेल.